साक्षीसाठी तीन मिनिटं

मी अडेलीन थिबो.
व्हरमाँटच्या पार वरच्या टोकाला आमचा गोठा, एकशे दहा गाई.
पहाटेची धार काढून तशीच आले,
बुटांना शेण आहे.
गालिचा टाउन हॉलचा, म्हणजे आमचाच. चालेल.

एर्मिनियो अकरा वर्षं होता आमच्याकडे.
कुठली गाय डाव्या पायानं लाथ घालते
हे माझ्या नवऱ्याला सांगता यायचं नाही, त्याला यायचं.
त्याच्या लेकीचे दुधाचे दात पडले
ते त्यानं टाकीपाशी उभं राहून फोनवर पाहिले.
आई गेली, तेव्हाही तिथंच उभा होता.
गेला असता, तर परत येता आलं नसतं.

मंगळवारी वासराचं औषध आणायला गेला.
गाडी अजून दुकानासमोर आहे,
बाटली पुढच्या सीटवर.

कागद का केले नाहीत, विचाराल.
कुठले कागद, साहेब?
परवाना आहे तो हंगामी मजुराचा.
कासेला हंगाम नसतो,
ती दिवसातून दोनदा तटतटते, नाताळलाही.

पाच वर्षांपूर्वी मी याच खुर्चीवरून बोलले.
विचार करू, म्हणाला होतात.
आत्ता तुमच्या कॉफीत जे पांढरं आहे,
ते कुणी काढलं?
ताकाला येऊन भांडं का लपवता?

वाजली का घंटा?
बरं.
कायदा लिहा. सोपा लिहा,
गोठ्यात उभ्यानं वाचता येईल असा.
निघते मी.
चारच्या धारेला दोन हात कमी आहेत.