दुसरा खिळा

तोडकर बाई दारातच चप्पल काढू लागल्या.
म्हटलं, राहू दे, खाली लोखंडाचा चुरा हाय.
"सेडना," त्या म्हणाल्या, "बटुग्रह.
त्याची वाट पत्र्यावर कापून द्या,
शाळेच्या भिंतीला लावायचीय."
माझा लेथ तीस वर्षं उद्यमनगरात गोलच काढतोय.
गोल नको म्हणाल्या.

एक मिलिमीटर म्हणजे सूर्य ते पृथ्वी, असं ठरलं.
दोन खिळे ठोकले, मधे शहाऐंशी सेंटिमीटर.
दोरा मीटरला बारा मिलिमीटर जास्त.
इम्तियाजनं पेन्सिल ताणून धरली
आणि पत्र्याभोवती चालत गेला,
कधी वाकून, कधी हात लांब करून.

पहिल्या खिळ्यावर सूर्य.
पितळी मणी ठेवून बघितला,
पृथ्वी मण्याच्या पोटातच गेली.
नेपच्यूनसाठी महाद्वार रोडवरनं बांगडी आणली,
साठ मिलिमीटर, नेमकी.
म्हणजे आपलं सगळं त्या बांगडीत:
पंचगंगा, शिरोलीच्या भट्ट्या, गुरू, चंद्र,
शनी आणि माझी साडेसाती.
सेडना बांगडीत कधीच येत नाही.

रंग?
गंजासारखा लाल, बाई म्हणाल्या, पण गंज नव्हे.
बर्फावर युगानुयुगं किरणं बसून करपलेला.
मी रेड ऑक्साइडचा डबा उघडला.
बांगडीपासून तीन बोटांवर टिकली दिली,
सध्या तो तिथं आहे म्हणे.
दोन हजार शहात्तरला जवळात जवळ,
आठवीतल्या पोरी तेव्हा आज्या झालेल्या.
मग लांबच्या टोकाकडं, चाल मंदावत, मंदावत,
परत यायला अकरा हजार वर्षं.

मागल्या खेपेला आला
तेव्हा माणसाकडं खिळा नव्हता.

स्वतःभोवती मात्र दहा तासांत फिरतो:
एक शिफ्ट, दोन तास ओव्हरटाइम.
तिथं उजाडतं म्हणजे
जरा ठळक चांदणी उगवते, एवढंच.

"आणि ह्या दुसऱ्या खिळ्यावर काय?"
"काही नाही."
"मग दोरा कशाला बांधला त्याला?"
बाई हसल्या. पत्र्याकडं बघत राहिल्या.

खिळा उपटला, भोक राहिलं.
इम्तियाज पुट्टी घेऊन आला,
बाईंनी हातानंच नको केलं.

बिलात पत्रा, कटिंग, रंग, बांगडी वीस रुपये.
भोकाचे लावले नाहीत.

टेम्पोत पत्रा उभा करून नेला.
इम्तियाज सांगत होता,
तावडे हॉटेलपर्यंत
वारं त्या भोकातनं शिट्टी मारत होतं.