फाटकाचं विधेयक

कार्यवृत्त लिहिणं हे माझं काम.
कोण बोललं, कोणी अनुमोदन दिलं,
किती हात वर गेले.
गप्प राहण्यासाठी त्यात रकाना नसतो.

आर्डिस टोर्विक पहिल्यांदा आली ती जानेवारीत.
हेलेनात उणे सव्वीस होतं
आणि तिच्या पायांत शाळेची बस चालवायचे बूट.
अकरा मतांनी निवडून आलेली बाई,
पण त्या अकरांची नावं पाठ असल्यासारखी वागायची.

मोंटानाची विधानसभा दोन वर्षांतून एकदा भरते,
नव्वद दिवस.
मग जो तो आपल्या गव्हाकडे, गुरांकडे,
एक जण दातांच्या दवाखान्याकडे.

तिचं मागणं एकच.
डनमोरच्या पूर्वेला कच्चा रस्ता रूळ ओलांडतो,
तिथं दोन लाल दिवे आणि एक आडवा दांडा.
काय झालं होतं ते तिनं दीड मिनिटात सांगितलं.
धुकं. मालगाडी. एकशे दहा डबे.
बस तिचीच, पण त्या दिवशी बदली ड्रायव्हर होता,
कारण तिला ताप होता.
"ताप होता," असं ती दोनदा म्हणाली.
मी एकदाच लिहिलं.

समितीचे अध्यक्ष पेलेटिए, सभ्य माणूस.
त्यांनी विधेयक फेटाळलं नाही,
टेबलावर ठेवलं.
आमच्याकडे टेबलावर ठेवणं म्हणजे
बासनात गुंडाळणं.

दुसऱ्या अधिवेशनात तेच विधेयक, क्रमांक नवा.
रेल्वेचा वकीलही तोच, टाय नवा.
पुन्हा टेबल.
पण आता ती संध्याकाळी हॉटेलच्या बारमध्ये
जिंजर एल घेऊन बसू लागली होती.
कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं,
कुणाची मुलगी नौदलात गेली,
कुणाला कशाची भीती आहे,
सगळं तिला ठाऊक.
बूटही बदलले.
ते मी पाहिलं. लिहिलं नाही.

तिसऱ्या खेपेला तांब्याच्या खाणीचं विधेयक आलं :
विलोच्या ओढ्याच्या उगमाशी
गाळाचं तळं बांधायची मुभा.
तो ओढा तिच्या भावाच्या कुरणातून जातो.
त्यांना एक मत कमी पडत होतं.

रात्री साडेनऊला पेलेटिए माझ्या खोलीत आले,
फाटकाचा कागद मागितला,
वरची धूळ फुंकली.
धूळ नव्हतीच. सवयीनं फुंकली.

सकाळी भिंतीवरच्या फलकावर
शंभर नावं उजळायला लागली, हिरवी, लाल.
तिचं नाव बराच वेळ काळंच राहिलं.
कुणीतरी खोकलं. कुणीतरी घड्याळ पाहिलं.
मग ते हिरवं झालं.
कार्यवृत्तात आहे : टोर्विक, होय.
दुपारी फाटकाचं विधेयक मंजूर झालं,
चर्चेशिवाय, इतर सतरा किरकोळ विधेयकांबरोबर.
ती जागेवर नव्हती.

पुढच्या नोव्हेंबरात ती तेवीस मतांनी पडली.
भावाच्या कुंपणावर समोरच्या उमेदवाराची पाटी होती.
वाऱ्यानं कललेली ती पाटी
तिनं गाडी थांबवून सरळ केली म्हणतात.
लोक काय, काहीही म्हणतात.

भाचीच्या लग्नाला जाताना मी एकदा
मुद्दाम त्या रस्त्यानं गेलो.
खांब अजून नवे होते, दांडा वर, दिवे विझलेले.
दोन्ही बाजूंना दूरवर गाडी नाही.
पिवळी बस आली आणि रुळांआधी थांबली.
दार उघडून कानोसा घ्यायचा, असा नियमच आहे.
ती नियमापेक्षा जास्त वेळ ऐकत राहिली.

मी मोजत होतो, हाताला तीच सवय.
चाळीसपर्यंत आलो तेव्हा
आतून एक पोरगं ओरडलं,
"आर्डिस, चल ना, भूक लागलीय!"

दार मिटलं.
पलीकडे पुलाखाली विलोचा ओढा होता.
पाणी कसं आहे
ते वरून कळत नाही.