तीन प्रतींत

त्या वर्षी मी सस्कॅचवानमधल्या एका पोलीस चौकीत टायपिस्ट होते.
चौकी म्हणजे दोन खोल्या आणि एक कोठडी.
कोठडीत बहुतेक वेळा बर्फातले टायर.

कॉर्पोरल ओरेस्ट हॅव्रिलिक पहाटे पाचला आला
आणि कोटही न काढता म्हणाला, लिही.

लिहिलं.
लिंडक्विस्टबाईंच्या शेतात, गव्हाच्या धसकटांवर,
पुरुषभर उंचीवर काहीतरी थांबलं होतं.
अकरा मिनिटं, घड्याळाप्रमाणे.
आवाज नाही. वायरलेस मुकं.
गाडीचे दिवे विझले नाहीत, नुसते पिवळे पडले,
कावीळ झालेल्या डोळ्यांसारखे.
आकार?
तो बराच वेळ माझ्या कपाकडे बघत राहिला.
आईची काथवट, म्हणाला. पालथी घातलेली.
मग म्हणाला, काथवट खोड.
खोडलं.

नवव्या दिवशी ओटावाहून दोघे आले.
एकाजवळ टिकटिकणारं यंत्र, दुसऱ्याजवळ प्रश्न.
धसकटं मोजली, माती पाकिटांत भरली,
पाकिटांवर आकडे माझ्याकडून घालून घेतले.
चार खळगे सापडले, टाच रुतावी एवढाले.
टिकटिक वाढली नाही.
शुक्र असेल, म्हणाले. शुक्र तेव्हा उगवायचा होता.
फुगा असेल. हवामान खात्याला फोन झाला;
त्यांचे सगळे फुगे हिशेबात होते.
लिंडक्विस्टबाई फाटकाशी येऊन एवढंच म्हणाल्या :
ते आलं नि गेलं, माझं कुंपण शाबूत.
तुमच्या जीपने दोन खांब पाडले, ते कुठे लिहिताय?

मग चौकशी माणसाची.
दारू? नाताळात.
चष्मा? वाचायला.
बायकोशी भांडण? तो हसला.
युद्धात होतात ना, तिथे आकाशात कधी असं काही?
तिथे आकाशात जे जे होतं, तो म्हणाला,
ते कुणाचं आहे ते आम्हाला ठाऊक असायचं.
हे मात्र त्यांनी लिहून घेतलं नाही.

शेवटचा अहवालही मीच टाइप केला. तीन प्रतींत.
‘मी पाहिलं’ होतं तिथे आता ‘दिसल्याचे सांगतात’.
‘थांबलं होतं’ होतं तिथे ‘स्थिर असल्याचा भास’.
घर विकण्याआधी एकेक खुर्ची बाहेर न्यावी
तसा वाक्यावाक्यातून तो बाहेर जात होता
आणि नेणारे हात माझे होते.
तळाशी, वेगळ्या ओळीवर : अनिर्णित.
त्यावर शिक्का, जरा तिरका.

दुकानात पोरं त्याला मंगळावरचे बटाट्याचे भाव विचारायची.
तो सांगायचा. दर आठवड्याला थोडा चढा.
मार्चमध्ये उत्तरेला बदली झाली,
जिथे रस्ता संपतो आणि पुढे विमानाने जावं लागतं.

आदल्या दिवशी किल्ल्या परत करायला आला.
म्हणाला, एक सांगायचं राहिलं.
मी कागद चढवला.
कागद नको, म्हणाला.

ते तिथे होतं ना,
तेव्हा मी टोपी काढली होती.
का, ते माहीत नाही. कुणी सांगितलं नव्हतं.
उभा होतो हातात टोपी घेऊन.
कानांना थंडी झोंबत होती.
पिस्तुलाची आठवणसुद्धा झाली नाही.

किल्ल्या त्याने खिळ्याला लावल्या, एक एक, नावं वाचत.
गेला.

मी तो छापील फॉर्म पुन्हा काढून पाहिला.
एकवीस रकाने.
वाऱ्याची दिशा होती, साक्षीदाराचं वजन होतं.

कोरा कागद रोलरवर तसाच राहिला.
दुसऱ्या दिवशी त्यावर मी
एका चोरीला गेलेल्या सायकलची तक्रार टाइप केली.
हिरवी सायकल. मागचं चाक वाकडं.
मालकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली.