पर्याय क्रमांक तीन

अशोक चौकातल्या नेट कॅफेत
अर्जाला अकरा रकाने होते.
पहिल्या दोनांत मी पुणं भरलं,
तिसऱ्यात सोलापूर,
बाकीचे कोरे.
कॅफेवाला म्हणाला, भरा की ओ ताई, रिकामे कशाला सोडताय?
नायना मागं उभे, चष्मा घरी विसरून आलेले.
त्यांनी एवढंच विचारलं,
"फीचा रकाना कुठला?"

यादी लागली. तिसरा.
आईनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं,
माझ्या तोंडात साखर घातली,
आणि परत विड्या वळायला बसली.
हजाराला तेवीस कमी होत्या.
मला तिच्या आनंदाचा राग आला
आणि मग त्या रागाची लाज.

श्रावणी कुडक्यालला पुणं मिळालं.
तिचा फोन आला: "इथं नळाला रोज पाणी येतंय गं. रोज!"
आमच्याकडं पाचवा दिवस होता.
मी घागरी मोजत म्हटलं, बरंय.

घरापासून कॉलेज शेअर रिक्षानं पंचवीस मिनिटं.
एवढ्याशा अंतरात कुणी परकं होत नाही
असं सगळे धरून चालले होते,
मीसुद्धा.
पहिल्याच तासाला सर इंग्रजीत काहीतरी विनोद करून हसले,
वर्ग हसला,
मग मी.
तेवढ्या एका क्षणानं मी
अख्खी सहामाही मागं होते.
घरात तेलुगू, गल्लीत मराठी,
किराणा दुकानात कन्नड आणि हिंदी जमेल तशी,
आणि वर्गात नुसतं 'येस सर'.

वसतिगृहातली शिवलीला बिराजदार, उमरग्याची,
डबा उघडता उघडता म्हणाली,
"तुझं बरंय, तू रोज घरी जातीस."
मी म्हटलं, जाते.
पण गेल्यावर कॉलेज कुठं ठेवायचं ते कळत नाही.
खोलीत जागा नाही,
मागाच्या आवाजात तर नाहीच नाही.

तिला खरं वाटेना, म्हणून एका रविवारी
तिला मागावर घेऊन गेले.
तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले,
मग एक काढला,
मग दुसरा.
ओरडून विचारलं, "काका, मिनिटाला ठोके किती?"
नायनांनी मान जरा तिरकी केली,
मीठ चाखावं तसं ऐकलं,
म्हणाले, "एकशे अठरा."
आम्ही मोबाईल लावून मोजले.
एकशे सोळा.
"दोन ठोके तुम्ही बोलत होता,"
म्हणाले, आणि टॉवेलाची किनार बघायला वळले.

परतताना रिक्षात शिवलीला गप्प.
सात रस्ता आल्यावर म्हणाली,
"हे उद्या वर्गात सांग."
मी सांगितलं नाही.
आणि असल्या गोष्टीला
कुठला तास असतो?

सोमवारी सर परत हसले.
वर्ग हसला.
शिवलीलानं माझ्याकडं बघितलं,
मी तिच्याकडं.
आम्ही नाही हसलो.
विनोद खरंच काही खास नव्हता.