खटका

तीन महिन्यांतून एकदा मी येतो
रत्नागिरीहून, खाकी ट्रंक घेऊन,
खाडीच्या तोंडावरच्या सागरी ठाण्याची पिस्तुलं तपासायला.
ट्रंकेत ब्रश, चिंध्या, पितळी गज,
तेलाची बाटली आणि एक साधी पेन्सिल.
पेन्सिलीचं पुढे सांगतो.

इथे लोखंड उघडं राहिलं
की आठवड्यात त्याला तांबडी पालवी फुटते.
कुलुपं, बिजागऱ्या, जेटीच्या साखळ्या,
साहेबांच्या टेबलावरची टाचणीसुद्धा.
खारा वारा वॉरंट घेऊन येत नाही.

नव्या पोरांना शिकवतो :
हा खटका. वर केला की चाप अडतो.
चाप ओढला की गोळी सुटते,
चाप लावला की माणूस आवरतो.
भाषेनं दोन्ही एकाच डबीत ठेवलंय,
हात घालताना बघून घाला.
आणि आत, स्लाइडच्या पोटात, आणखी एक राखणदार,
तांदळाच्या दाण्याएवढा,
मागे केसासारखी स्प्रिंग.
चाप पुरता ओढला तरच बाजूला होतो,
एरवी पिनेच्या वाटेत आडवा.
त्याला कुणी बघत नाही. तो रजाही मागत नाही.

पौषातली सकाळ, जेटीवर लिलाव चाललेला.
तन्मय शिगवण, नोकरीला चौदा महिने,
गस्तीच्या बोटीतून वर चढताना
होल्स्टरचं गंजलेलं बटण सुटलं,
पिस्तूल निसटलं
आणि घोड्यावर आपटलं, काँक्रीटवर.

अनसूया पावसे तेवढ्यात वाकली होती,
दोनचं नाणं घरंगळलं म्हणून.
मागे हातगाडीवर थर्माकोलची पेटी.
गोळी बर्फ फोडून, दोन सुरमया ओलांडून
तिसरीत थांबली.
बोली थांबली. मग कुणीतरी उगाच हसलं.
"बंदूक निजलेली व्हती म्हनता," अनसूया म्हणाली,
"मग झोपंत बोलली कशी?"

खटका वर होता.
पंचनाम्यात तसं आहे, सात जणांनी पाहिलंय.
पण तो चापाला अडवतो, पिनेला नाही.
पिनेचा राखणदार मात्र
वरच्या वर चिकटून बसलेला,
कारण ठाण्यातलं तेल संपलं तेव्हा
पोरानं घरून खोबरेल आणलं
आणि घातलं, मनापासून, भरपूर,
प्रत्येक भोकात.
खोबरेल थंडीत काय करतं
हे कोकणात कुणाला सांगावं?

आता पेन्सिल.
पिस्तूल रिकामं करायचं, स्लाइड उतरवायची,
पिनेच्या शेपटीवर पेन्सिलीचं टोक दाबायचं.
पीन अडली तर राखणदार जागा आहे.
पुढे आली, तर नाही.
दहा सेकंद लागतात.

अठरा दिवस आधी मी ह्याच ठाण्यात होतो.
नऊ पिस्तुलं.
सहाव्यापाशी फेरीबोटीनं भोंगा दिला.
उरलेली तीन मी कानाशी धरून हलवली,
बाहेरून पुसली, वहीत लिहिलं : ठीक.
खाली सही, वि. रा. कांबळी, वळणदार.
त्यातलं आठवं कुणाचं होतं
ते विचारू नका.

चौकशीत मला कुणी विचारलंच नाही.
वही उघडली, 'ठीक' वाचलं, वही मिटली.
पोराची वेतनवाढ रोखली.
सुरमयांचे पैसे ठाण्यानं वर्गणी काढून दिले,
तिसरीचे अनसूयेनं घेतले नाहीत,
"ती म्या खाल्ली," म्हणाली. "तिनं झेलली ना."

हल्ली मी फेरीबोट सोडतो.
पेन्सिलीचं टोक मोडतं, तासतो, पुन्हा मोडतं.
शिगवणचं पिस्तूल दोनदा बघतो,
तो समोर उभा राहतो, काही बोलत नाही,
चहा आणून ठेवतो
आणि मला त्याच्या डोळ्यांकडे बघवत नाही.
मग जेटीवर बसतो, ट्रंकेवर,
पुढच्या बोटीची वाट बघत.
समोर साखळीला गंज चढतोय.
आत कुठेतरी
खटका आहे,
वर होत नाही, खाली होत नाही.