दोष आढळला नाही

लिफ्टच्या बटणांकडे मी चेहऱ्यासारखं बघतो.
एकवीस वर्षं झाली.
कुठलं झिजलंय, कुठलं अजून कोरं,
त्यावरून इमारत कळते.

बहुतेक ठिकाणी दार मिटायचं बटण आधी जातं.
एकमेकांकडे तोंड करून बसलेले ते दोन बाण
अंगठ्यांनी पुसून पुसून पांढुरके होतात.
शेजारचं, दार उघडं ठेवायचं,
कंपनीतून आलं तसंच.

एकदा लोअर परळला, चाळीस मजले, काचेची लॉबी,
हत्यारांची पिशवी घेऊन मी येतोय
हे आतल्या बाईंनी पाहिलं,
मी त्यांना पाहिलं,
आणि दार मिटलं.
लिफ्टच दुरुस्त करायला आलो होतो मी.
राग नाही. मीही कितीदा दाबलंय ते,
मागून चपला वाजत असताना,
मजल्यांचे आकडे निरखत,
जणू वाचायला फार अवघड आहेत.

घोडपदेवच्या ‘श्रमसाफल्य’मधून तक्रार आली.
बारा मजले, एकच लिफ्ट.
चौथ्यावर नव्याने राहायला आलेल्यांनी
वहीत लाल पेनाने लिहिलेलं:
तळमजल्यावर दार उशिरा मिटते.

सेन्सर पुसला. टायमर बघितला,
तीन सेकंद, बरोबर.
मशीन रूममध्ये जाऊन आलो, तिथे कबुतरं
आणि कुणाची तरी वाळत घातलेली गोधडी.
मोटर ठीक. बेल्ट ठीक.
मग पॅनेलला स्क्रू-ड्रायव्हर लावला, तेव्हा दिसलं.
उघडं ठेवायचं बटण झिजलेलं.
बाणच नाहीत. मधोमध खळगा,
अंगठ्याच्या मापाचा,
पाट्याला पडतो तसा.

दप्तर घेऊन एक पोरगा आत आला, आठव्यावरचा,
हर्षल का काय नाव.
बाहेर कुणी नव्हतं. तरी अंगठा बटणावर.
“कोण येतंय?”
“कुणी नाही.”
मग हात काढला, लाजला थोडा.
“केणी मास्तर यायचे.”

केणी मास्तर सहाव्यावर.
गेटपासून लिफ्टपर्यंत वॉकर,
वॉकरच्या एका पायाचं रबर गेलेलं.
टक्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टक्.
तो आवाज आला की आत जो असेल तो बटण दाबून उभा.
पहिल्या पाळीवरून परतलेला, झोपेला आलेला कुणी,
सातव्यावरच्या नसरीनबी, हातात तापलेला डबा
या हातातून त्या हातात.
“सावकाश या” असंही कुणी म्हणायचं नाही.
तसं म्हटलं की माणूस घाई करतो.

आत आल्यावर मास्तर विचारायचे, “थांबलात?”
एवढंच. दर वेळी नव्याने नवल वाटल्यासारखं.
आभार हा शब्द आपल्याकडे सभेतला,
माइकवरचा, चहाच्या आधीचा.
लिफ्टमध्ये तो मावत नाही.

“दसऱ्यानंतर गेले,” पोरगा म्हणाला,
आणि आठ दाबला.

चौथ्यावरच्यांना हे कुठून ठाऊक असणार?
त्यांना दिसतं ते एवढंच:
रिकाम्या पॅसेजसमोर उघडं दार
आणि आत तीन-चार माणसं,
कुठेच न बघणारी.

नवं बटण बसवलं. नियम आहे.
जुनं टाकलं पिशवीत, नट-बोल्टच्या डबीत.
वहीत तारीख, वेळ, सही.
दोषाच्या रकान्यात लिहिलं, आढळला नाही.

निघताना कुरिअरवाला गेटातून धावत आला,
पाठीवर त्याच्याएवढी पिशवी.
दार मिटत होतं. बटण आत, मी बाहेर.
हात घातला मध्ये.
‘दार हाताने अडवू नये’
हा स्टिकर मीच चिकटवलाय तिथे, मार्चमध्ये.

तो आत शिरला, अकरा दाबला.
काही बोलला नाही.
बोलायचं काय त्यात.