एक सूत

गोळीबार चौकामागे, बाबांचा खड्डामाग होता तिथे,
खड्डा बुजवून, वर फरशी टाकून
आता माझं प्रेस उभं आहे.
इतवारीतल्या लग्नपत्रिकांच्या छापखान्यातून
भंगाराच्या भावात आणलेलं;
चाकाच्या आऱ्यांत अजून कुणाच्या तरी लग्नाची
सोनेरी शाई.

चित्र मागावर बसलेल्या माणसाचं.
चार रंग, लिनो एकच.
आधी पिवळा छापायचा.
मग जिथे पिवळा राहायला हवा
तेवढा लिनो कोरून फेकायचा, उरलेल्यावर गेरू.
पुन्हा कोरायचं. पुन्हा छापायचं.
कागद भरत जातो, लिनो संपत जातो.
तीस कागद मोजून घेतले, जाडसर हातकागद,
बोट फिरवलं तर लुगड्याच्या उलट्या बाजूसारखे.
तिसाचे एकतीस आता होणार नाहीत,
कुणी कितीही पैसे देवो.

मे महिना. काचेवरची शाई
सावजीच्या तर्रीसारखी पळते.
कूलर लावला तर कागद ओल धरून फुगतो,
बंद केला तर मी.
म्हणून पहाटे चार ते सात.
रोलर फिरवताना कानाने बघायचं:
शाई जास्त झाली की चपचप,
जमली की बारीक सर्रर्र.
बाबा खाटेवरून, भिंतीकडे तोंड करूनच,
"आता बराबर हाय."
रंगातलं त्यांना काही कळत नाही.
चाळीस वर्षं मागाचा आवाज ऐकलाय फक्त.

गेरूला चार कागद गेले.
एक सूत सरकले.
सुतार म्हणतो ते सूत, इंचाचा आठवा हिस्सा.
ते चार पुढच्या रंगांच्या चाचणीला बाजूला ठेवले.

विटकरी सुकत होता तेव्हा बाबा उठून आले,
दोरीवर टांगलेल्या सव्वीस कागदांखालून वाकत.
चष्मा कपाळावर, मग नाकावर.
"धोट्याची मूठ डाव्या हातात काहून?"

मी गार.
लिनोवर सरळच काढलं होतं मी.
ठशात सगळं उलटं उतरतं.
दर जूनमध्ये शाळेत मीच सांगते पोरांना,
आरसा धरा, आरशात बघून काढा.
आणि इथे अर्ध्याहून जास्त लिनो
केरसुणीने सुपात भरून झालेला.
कोरलेलं परत चिकटत नाही.

म्हटलं, फाडते सगळे.
ते बोलले नाहीत. एका कागदाला नाक लावून उभे,
आमचं दूध उतू जाऊन करपेपर्यंत.
मग म्हणाले, "हा मी नोहे वो. हा डोमा होय.
डावराच होता थो.
त्या मुठीवर आठवड्याले दोन लुगडे काढे."

डोमाकाका.
ज्याचं नाव निघालं की ताणा तुटल्यागत
घर थांबायचं.
सुरतेला पॉवरलूमवर गेला.
एक मनीऑर्डर आली. मग तीही नाही.
त्याचा फोटो आमच्याकडे नाही,
हे मला त्या सकाळी कळलं.

काळा छापला. त्यात आणखी तीन गेले.
तेवीस.
खाली पेन्सिलने आकडे, १/२३, २/२३,
मधोमध 'विणकर' लिहिणार होते,
तिथे 'डोमा'.
मग लिनोवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत
दोन खोल काप मारले, चोविसावी कधी निघू नये म्हणून.
बाबा म्हणाले, "आता काहून मारतं त्याले?"
मला उत्तर आलं नाही. नियम आहे, म्हटलं.

पहिली प्रत तुम्ही घ्या, मी म्हणाले.
त्यांनी ती धरली, परत ठेवली,
आणि चाचणीच्या गठ्ठ्यातून
तो सरकलेला एक ओढून काढला,
ज्यात गेरू माणसाला सोडून
एक सूत बाजूला पडलाय.

"हा हालते," म्हणाले.

खिळा त्यांनीच ठोकला. खाटेसमोर.
थोडा वाकडा.